दिवा बंद असताना

आमच्या धंद्यात काम संपलं की मालकाला बोलावून बटणं दाबून दाखवायची पद्धत आहे. दिवा लागतो, पंखा फिरतो, मालक मान हलवतो आणि हिशेब होतो. सोलापुरात मी घरांची, दुकानांची, यंत्रमागाच्या शेडची वायरिंग करत आलो, आता माझ्या हाताखाली शिकणारी पोरं आहेत, आणि माझं पक्कं मत झालंय की ही तपासणी अर्धीच आहे. दिवा लागला यावरून एवढंच कळतं की फेज आणि न्यूट्रल कुठून तरी दिव्यापर्यंत पोचले. ते कोणत्या वाटेने आले आणि बटण बंद केल्यावर त्या वाटेचा कोणता तुकडा जिवंत राहिला, हे पेटलेल्या दिव्यावरून कळत नाही. स्विचच्या जोडणीबद्दलचे मी पाहिलेले जवळजवळ सगळे गैरसमज इथूनच उगवतात. काम दिवा चालू असताना बघितलं जातं आणि माणसाचा हात लागतो तो दिवा बंद असताना.

सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज म्हणजे स्विच फेजमध्ये टाकला काय आणि न्यूट्रलमध्ये टाकला काय, सारखंच. हे मी नव्या पोरांकडून ऐकलंय, तसंच केस पिकलेल्या मिस्त्रींकडूनही ऐकलंय. त्यांचं म्हणणं वरवर पटतं. एसी सप्लाय सेकंदाला 50 फेरे घेतो, त्यात बॅटरीसारखं प्लस-मायनस नाही. मग दोन्ही वायरी सारख्या, सर्किट तोडायचं तर कुठलीही एक तोडा.

याचं उत्तर घरात शोधून सापडत नाही, ते चौकातल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर आहे. 11 हजार व्होल्टचा सप्लाय तिथे 433 व्होल्टवर उतरतो आणि घरात एका फेजवर साधारण 230 व्होल्ट येतात. त्या ट्रान्सफॉर्मरच्या तिन्ही वाइंडिंगची टोकं जिथे एकत्र येतात तो बिंदू जमिनीत अर्थ केलेला असतो आणि न्यूट्रल तिथूनच निघतो. त्यामुळे न्यूट्रल आणि आपल्या पायाखालची जमीन जवळपास एका पातळीवर राहतात; फेज मात्र जमिनीपासून 230 व्होल्ट दूर. दोन्ही वायरी दिव्याला सारख्या आहेत, जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला त्या कधीच सारख्या नाहीत.

आता स्विच न्यूट्रलमध्ये असेल तर काय होतं? बटण बंद केलं की दिवा विझतो, पण फेज होल्डरपर्यंत तसाच येऊन थांबलेला असतो. इतकंच नव्हे, दिव्याच्या आतून पलीकडे जाऊन तो न्यूट्रलच्या तोडलेल्या तुकड्यातही उतरतो. म्हणजे बंद दिव्याच्या होल्डरची दोन्ही टोकं जिवंत. योग्य जोडणीत बटण बंद केल्यावर तिथे झटका बसावा इतपत काही उरत नाही.

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात आम्हाला जी बोलावणी येतात, त्यांत हे फार दिसतं. माळा काढायच्या, ट्यूबच्या पट्ट्या पुसायच्या, पंख्याची पाती धुवायची. घरातली बाई स्टुलावर चढते, बटण बंद केलंय याची खात्री करते आणि ओल्या फडक्याने पट्टी पुसायला घेते. तिने तिच्या परीने सगळी काळजी घेतलेली असते. एका घरी अशाच एका मावशींना झटका बसून त्या खाली पडल्या आणि मनगट मोडलं. घरचे म्हणत होते, “बटण तर बंदच होतं ओ, मग करंट आला कुठून?” मी बोर्ड उघडला तेव्हा त्या खोलीतल्या दिव्याचा स्विच न्यूट्रलमध्ये होता. तो दिवा कित्येक वर्षं बिनतक्रार लागत-विझत आला होता.

“पाच वॅटचा तर दिवा आहे, त्याला काय होतंय,” असंही म्हणतात. झटका दिव्याच्या वॅटवर ठरत नाही. होल्डरवर येणारे व्होल्ट पाच वॅटच्या दिव्यालाही तेच आणि दीड हजार वॅटच्या गिझरलाही तेच.

हा माझा एकट्याचा आग्रह नाही. 1956 च्या भारतीय वीज नियमांतच म्हटलं होतं की अर्थ केलेल्या न्यूट्रलमध्ये स्वतंत्र स्विच किंवा फ्यूज घालायचा नाही. तोडायचंच असेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी तुटतील असा जोडस्विच हवा. 2010 साली त्या नियमांच्या जागी केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले, त्यांतही ही तरतूद राहिली. आयटीआयच्या तारतंत्री आणि वीजतंत्रीच्या वर्गात हे शिकवलंही जातं. परीक्षेत मुलं बरोबर लिहितात. साइटवर मात्र घाई असते, रंगीत वायर संपलेली असते आणि दिवा दोन्ही पद्धतींनी लागतो.

जुन्या पेठांमधल्या माळवदाच्या घरांत याचा जुळा भाऊ सापडतो. तिथल्या मेन बोर्डावर चिनी मातीचे दोन किटकॅट फ्यूज असत, एक फेजला, एक न्यूट्रलला. दोन्हीकडे फ्यूज म्हणजे दुप्पट सुरक्षा, अशी अनेकांची समजूत अजून आहे. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर घरभर अंधार होतो, सगळ्यांना वाटतं सप्लाय गेला, आणि सगळ्या वायरींत फेज तसाच उभा असतो. अशी घरं दुरुस्त करताना मी न्यूट्रलच्या जागी सरळ तांब्याची लिंक बसवतो आणि फेजला एमसीबी. मालकाला ते ‘एक फ्यूज कमी केला’ असं वाटतं, म्हणून समजावून सांगायला वेळ काढावा लागतो. तो वेळ काढलाच पाहिजे.

आणखी एक प्रकार लक्षात ठेवण्यासारखा आहे. मे महिन्यात वळवाचा वारा सुटला की पोलवरून घरात येणारी सर्व्हिस वायर तुटते. कोणीतरी ती घाईने पुन्हा जोडतं आणि त्यात फेज-न्यूट्रलची अदलाबदल होते. घरातली वायरिंग ज्याने मन लावून बरोबर केली होती, त्याचे सगळे स्विच एका क्षणात न्यूट्रलमध्ये जातात. घरात कोणाला काही कळत नाही, कारण सगळं चालू असतं. म्हणून मी पोरांना सांगतो की बोर्डावर हात घालण्याआधी मीटरपाशी जाऊन फेज कोणत्या वायरीत आहे ते बघा. आधीच्या मिस्त्रीचं काम कितीही चांगलं असो, कालचं आज तसंच आहे असं धरून चालू नका.

बघायचं कशाने, हा पुढचा प्रश्न, आणि इथे टेस्टरवरचा आंधळा विश्वास आडवा येतो. खिशातला टेस्टर हे आमचं पहिलं हत्यार; पण टेस्टर पेटला नाही म्हणजे करंट नाही, ही समजूत धोक्याची आहे. त्यातला निऑन दिवा मोठ्या रेझिस्टरमधून आणि आपल्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अगदी सूक्ष्म प्रवाहावर पेटतो. आपण कोरड्या लाकडी घोडीवर, रबरी चपलेत उभे असू तर तो मंद पेटतो. बाहेर सोलापूरचं एप्रिलचं ऊन असेल तर ती मंद लाली दिसतच नाही. उलट बाजूने, न्यूट्रल कुठे तुटला असेल तर टेस्टर दोन्ही वायरींवर पेटतो. पोरं म्हणतात, “रिटर्न मारायलंय.” मग कुठली तरी एक वायर फेज म्हणून ठरवून टाकली जाते. खरं तर दिव्यातून आलेला फेज तुटलेल्या न्यूट्रलमध्ये दिसत असतो, आणि शोधायचा असतो तो तुटलेला जोड.

व्होल्ट मोजायचा मीटरही डोळे मिटून मानायचा नाही. शेजारून जाणाऱ्या जिवंत वायरीमुळे मोकळ्या वायरीवर डिजिटल मीटर कधी चाळीस, कधी साठ व्होल्ट दाखवतो. त्याला घाबरून भिंत फोडणारेही आहेत. अशा वेळी त्या वायरीच्या आणि न्यूट्रलच्या मध्ये टेस्ट लॅम्प लावून बघावं. खोटे व्होल्ट दिव्याच्या भाराखाली लगेच कोसळतात. एलईडी बंद असताना रात्री मिणमिणतो, तिथेही हीच सावधगिरी हवी. स्विच न्यूट्रलमध्ये असेल तर असं होतं, स्विचमध्ये छोटा इंडिकेटर असेल तर होतं, आणि जोडणी अगदी बरोबर असली तरी एका पाइपातून लांबवर दोन वायरी शेजारी गेल्या तरी होतं. मिणमिणण्यावरून निकाल देऊ नये, मोजून द्यावा.

विजेच्या क्षेत्रात सोलापूरचं नाव देशभर घेतलं गेलं ते 31 डिसेंबर 2013 ला. त्या दिवशी रायचूर-सोलापूर ही 765 किलोव्होल्टची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाच्या ग्रीडला एका तालात येऊन मिळालं. अशी जोडणी करताना दोन्ही बाजूंचे व्होल्ट, फ्रिक्वेन्सी आणि फेज जुळल्याची खात्री केल्याशिवाय ब्रेकर बंद करत नाहीत. एवढ्या मोठ्या कामाची ही शिस्त दहा रुपयांच्या स्विचलाही लागू आहे, असं मी पोरांना सांगतो. आधी मोजा, मग जोडा.

नव्या पोरांचा हमखास घोटाळा स्विचच्या डबीत होतो. डबी उघडली, दोन वायरी दिसल्या, की एक फेज आणि दुसरी न्यूट्रल असं ते गृहीत धरतात. दिव्याच्या स्विचला न्यूट्रल लागतच नाही. एक वायर फेज आणते आणि दुसरी तोच फेज दिव्याकडे घेऊन जाते. न्यूट्रल परस्पर होल्डरला गेलेला असतो. छतावरून लूप मारलेल्या जुन्या फिटिंगमध्ये स्विचकडे उतरणारी दुसरी वायर काळी असली तरी ती न्यूट्रल नसते. अशा डबीत कोणी प्लगपॉइंट काढायला जातो आणि या दोन वायरी त्याला जोडतो. मग दिवा आणि प्लगला लावलेली वस्तू एका रांगेत येतात, दोन्ही अर्धवट चालतात. कोणी त्या दोन वायरी फेज-न्यूट्रल समजून सरळ स्विचवर नवा सप्लाय आणतो आणि फ्यूज उडवतो. मोबाइलवरून चालणारे नवे स्विच आल्यापासून हा प्रश्न उलट्या बाजूने समोर येतोय, कारण त्यांतल्या बऱ्याच स्विचांना स्वतःला चालू राहण्यासाठी न्यूट्रल हवा असतो. अमेरिकेच्या वायरिंग संहितेने 2011 पासून बहुतेक दिव्यांच्या स्विचच्या डबीत न्यूट्रल आणून ठेवणं बंधनकारक केलं ते याच गरजेपोटी. आपल्याकडे बोर्डावरच प्लग असल्याने न्यूट्रल बहुधा तिथे असतो, पण तो त्याच सर्किटचा आहे का, हे कोणी बघत नाही.

यावरून जिन्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त चुकीचं काम मला जिन्यात सापडलं आहे. सोलापूरच्या पूर्व भागात खाली माग आणि वर राहणं अशी अरुंद, उंच घरं भरपूर. जिन्याचा दिवा खालून लावायचा आणि वर जाऊन विझवायचा. बरोबर पद्धत साधी आहे: खालच्या टू-वे स्विचच्या कॉमनला फेज, दोन्ही स्विचांमध्ये दोन वायरी, आणि वरच्या स्विचच्या कॉमनवरून दिवा. न्यूट्रल सरळ दिव्याला. पण यात मजल्यामजल्यांत दोन वायरी टाकाव्या लागतात. त्या वाचवण्यासाठी काही मिस्त्री दोन्ही स्विचांच्या कडेच्या टोकांना त्या त्या बोर्डावरचे फेज आणि न्यूट्रल देतात आणि दिवा दोन्ही कॉमनच्या मध्ये टांगतात. एका बाजूला फेज, दुसऱ्या बाजूला न्यूट्रल आला की दिवा लागतो. दोन्हीकडे सारखं आलं की विझतो.

एका साइटवर माझ्याकडच्या पोराने ही जोडणी मोठ्या कौतुकाने दाखवली. “काका, पेटायलंय की ओ दोन्हीकडून, आणि वायर पण वाचली!” मी त्याला दिवा बंद करायला सांगितला आणि होल्डरवर मोजायला लावलं. दोन्ही टोकांवर पूर्ण 230. दोन्ही स्विच फेजवर होते, म्हणून दिवा विझला होता. मग त्याला विचारलं, विझलेला दिवा बदलायला उद्या घरातला म्हातारा माणूस चढला तर? शिवाय अशा जोडणीत एकाच स्विचच्या पोटात फेज आणि न्यूट्रल काही मिलिमीटरवर समोरासमोर उभे असतात; स्विच झिजला आणि ठिणगी लांबली की तिथेच शॉर्ट. त्या पोराने स्वतःच पाइपात स्प्रिंग घातली आणि संध्याकाळपर्यंत दोन वायरी ओढून काम नव्याने केलं. तो आता स्वतंत्र कामं घेतो, आणि जिन्याचं काम त्याच्याकडून मला पुन्हा तपासावं लागत नाही.

जिन्यातली दुसरी चूक जास्त छुपी आहे. फेज खालच्या मजल्याच्या सर्किटचा आणि न्यूट्रल वरच्या मजल्याचा, कारण दिव्यापासून तोच जवळ. “न्यूट्रल काय, कुठलाही चालतो” ही समजूत त्यामागे. चालतो, हे खरं. पण वरच्या मजल्याचा एमसीबी पाडून तिथला न्यूट्रल उघडणाऱ्या मिस्त्रीला त्या न्यूट्रलमध्ये खालचा फेज दिव्यातून येऊन भेटतो. मजल्यांना वेगवेगळे आरसीसीबी लावले की मग तर ही चूक लपतच नाही. आरसीसीबी त्याच्यातून गेलेला आणि परत आलेला प्रवाह तोलत बसतो; फरक 30 मिलिॲम्पिअरपर्यंत गेला की पडतो, खरं तर त्याच्या आधीच पडू शकतो. जिन्यातला 9 वॅटचा एलईडी 230 व्होल्टवर कमीत कमी 39 मिलिॲम्पिअर घेतो. तेवढे एका आरसीसीबीतून जाऊन दुसऱ्यातून परतले की बटण दाबताक्षणी घर अंधारात. मग निदान काय होतं? “आरसीसीबी खराब आहे, काढून टाका.” बरोबर सांगणाऱ्या उपकरणालाच दोषी ठरवून काढलेली अशी घरं मी बरीच पाहिली. तिथे घरातल्या लहान पोरांसकट सगळ्यांचं संरक्षण एका चुकीच्या न्यूट्रलपायी गेलेलं असतं. याचा मला आजही राग येतो.

एमसीबीबद्दलही असाच एक भ्रम आहे की तो सगळ्यापासून वाचवतो. एमसीबी वायरीला जादा प्रवाहापासून वाचवतो. स्विचचा स्क्रू ढिला असेल तर प्रवाह वाढत नाही, फक्त त्या एका बिंदूवर उष्णता वाढत जाते, आणि एमसीबी शांत राहतो. मागाच्या शेडमध्ये सुताची लव दिवसभर उडते, बोर्डाच्या फटींतून आत जाऊन थर धरते, आणि माग चालू असताना भिंतसुद्धा थरथरते. अशा जागी स्क्रू ढिले होतातच. जुनी ॲल्युमिनियमची वायर असेल तर ती स्क्रूखाली दबत जाते आणि पकड सुटते. तिला तांब्याची वायर नुसता पीळ मारून, काळी टेप गुंडाळून जोडलेली असेल तर आणखी लवकर. पेपरात ‘शॉर्टसर्किट’ छापून येतं. मी उघडलेल्या जळक्या बोर्डांत मात्र सुरुवात बहुतेकदा एका काळवंडलेल्या, ढिल्या टोकापासून झालेली दिसली. शेडचे बोर्ड वर्षातून एकदा तरी मेन बंद करून उघडावेत, लव काढावी आणि प्रत्येक स्क्रू पेचकसाने आवळावा.

रंगांचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडे फेज लाल, पिवळा, निळा, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा. बाहेरून आलेल्या झुंबरात तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल असतो, त्या निळ्याला आपली पोरं फेज समजतात. अमेरिकेत काळी वायर जिवंत आणि पांढरी न्यूट्रल. मोबाइलवर तिकडचे व्हिडिओ बघून काम शिकणाऱ्यांनी हे ध्यानात धरावं. आपल्याच शहरात उरल्यासुरल्या वायरीत काम उरकलेली घरं इतकी आहेत की रंग ही फक्त सूचना मानावी, पुरावा नाही.

अर्थिंगबाबत मात्र थोडक्यात सांगून भागत नाही. न्यूट्रल तुटला की ‘तेवढ्यापुरतं’ अर्थच्या वायरीवर दिवा लावून देणारे आहेत. दिवा लागतो. पण त्यानंतर त्या घराची अर्थवायर दिव्याचा प्रवाह वाहू लागते, आणि ती कुठे सुटली किंवा खड्डा कोरडा पडला की फ्रिजच्या, कुलरच्या, मोटारीच्या पत्र्यावर व्होल्ट चढतात. सोलापूरचा उन्हाळा अर्थिंगचा खड्डा कोरडा करायला पुरेसा आहे. त्यात आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, कधी पहाटे, कधी मध्यरात्री. बायामाणसं ओल्या हातांनी, ओल्या पायांनी हौदाजवळचं बटण दाबतात. त्या घरात अर्थवर दिवा लावून ठेवणं याला मी कामचुकारपणा म्हणत नाही, गुन्हाच म्हणतो.

हे सगळं अज्ञानाने होतं असं मला वाटत नाही. घरांची कामं पॉइंटच्या दराने दिली जातात. जो मिस्त्री जिन्यात दोन वायरी जास्त ओढतो, प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल वेगळा ठेवतो, बोर्डामागच्या पत्र्याच्या डबीलाही अर्थ देतो, त्याला त्याचे पैसे वेगळे मिळत नाहीत. शेजारी त्याच दरात दिवसभर आधी काम संपवणारा हुशार ठरतो. मालक फरशीचा रंग तीनदा बदलतो आणि वायरिंगची नुसती बटणं दाबून बघतो. मिस्त्रींना शिकवायला हवंच. पण जोवर घरमालक बंद दिव्याची तपासणी मागत नाही, तोवर शिकलेलं साइटवर टिकणार नाही.

म्हणून घरमालकांना माझी विनंती आहे. काम ताब्यात घेताना, किंवा पुढच्या वेळी कुठल्याही कारणाने मिस्त्री घरी आला की, परवाना असलेल्या त्या माणसाला एवढंच करायला सांगा: बटण बंद ठेवून दिवा काढायचा आणि होल्डरची दोन्ही टोकं अर्थच्या तुलनेत मीटरने मोजायची. जिन्याच्या दिव्याला हेच दोन्ही स्विच आलटून पालटून करायचं. कुठेही 230 च्या आसपास आकडा आला तर त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या. तोपर्यंत, आणि खरं तर नंतरही, दिवा बदलायचा किंवा पुसायचा असेल तर भिंतीवरच्या बटणावर विसंबू नका, मेन स्विच पाडा. आणि आरसीसीबी सारखा पडतो म्हणून कोणी तो काढायला निघाला, तर त्याला काढू देऊ नका. कारण शोधून दाखवेल असा दुसरा मिस्त्री बोलवा.